काचघर (निवासी वास्तुकला)

हा लेख राहण्यासाठी बांधलेल्या काचेच्या घराविषयी आहे. रोपे वाढविण्यासाठी उभारल्या जाणाऱ्या काचेच्या रचनेसाठी हरितगृह हा लेख पहा.

ज्या राहत्या घराच्या बाह्य भिंतींचा मोठा भाग पारदर्शक काचेचा असतो आणि छताचा भार भिंतींऐवजी खांब व तुळया यांवर तोललेला असतो, त्या घरास काचघर असे म्हणतात. भोवतालची झाडे, पाणी, पाऊस व आकाश यांचे घरात बसूनही सतत दर्शन घडावे, हा या रचनेचा मुख्य हेतू होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका, ब्राझील इत्यादी देशांत हा प्रकार प्रसिद्धीस आला.

काचेतून दृष्टी आरपार जाते, ऊनही आत येते. परंतु वारा येत नाही. थंड प्रदेशात हा गुण ठरतो, तर कोकणपट्टीसारख्या उष्ण व दमट प्रदेशात तो दोष ठरतो. त्यामुळे येथील काचघराचा निसर्गाशी असलेला संबंध काचेच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतो. काचेवर सावली किती पडते, तिचा किती भाग उघडता येतो आणि तिच्यापुढे काय आहे, यांवर तो ठरतो. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील मानपाडा परिसर उदाहरणादाखल घेऊन या रचनेचे विवेचन केले आहे.

इतिहास

लोखंडी सांगाडा व काच यांची मोठी वास्तू प्रथम जगाच्या नजरेत भरली ती लंडनमध्ये. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तेथील हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभारण्यात आला. त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा उद्यानतज्ज्ञ होता व हरितगृहे बांधण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. भारतात बंगळूर येथील लालबागेतील काचगृहाची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. या दोन्ही वास्तू प्रदर्शनासाठी होत्या, निवासासाठी नव्हत्या.

राहत्या काचघराची तीन उदाहरणे विशेष अभ्यासली जातात. अमेरिकेतील न्यू केनान येथे वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी १९४९ मध्ये स्वतःसाठी काचघर बांधले. त्याच्यालगत त्यांनी विटांचे एक बंदिस्त पाहुणेघरही बांधले. उघड्या घराला आडोशाची जोड लागतेच, हे त्यावरून दिसून येते.

लुडविग मीस व्हान डेर रोहे यांनी इलिनॉय राज्यातील प्लेनो येथे डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. फॉक्स नदीकाठी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर पोलादी खांबांवर तोललेले हे घर आधुनिक वास्तुकलेतील श्रेष्ठ कृतींपैकी एक मानले जाते. तथापि त्यात उघडणारा भाग फार थोडा होता. उन्हाळ्यातील उष्मा व डास यांचा त्रास, तसेच वाढलेला खर्च यांमुळे मालकीण व वास्तुविशारद यांच्यातील वाद न्यायालयात गेला. पुढे १९५४ व १९९६ मध्ये पुराचे पाणीही या घरात शिरले.

तिसरे उदाहरण आपल्या हवामानाला अधिक जवळचे आहे. लीना बो बार्डी यांनी ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात १९५१ मध्ये स्वतःसाठी 'कासा दे विद्रो' हे घर बांधले. उतारावर सडपातळ खांबांवर उभ्या असलेल्या या घराच्या मधोमध चौक ठेवून तेथील झाडास जागा दिलेली आहे. घराभोवती पुढे दाट झाडी वाढली आणि काचेच्या भिंतींना तिची सावली मिळू लागली.

मोठ्या आकाराच्या सपाट काचा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या त्या फ्लोट पद्धतीमुळे. या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून सपाट केली जाते. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली.

महाराष्ट्रातील काच व घर

महाराष्ट्रातील काचउद्योगाचा आरंभ स्वदेशी चळवळीशी निगडित आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचकारखाना सुरू झाला. १९१६ मध्ये स्थापन झालेला कराडजवळील ओगलेवाडीचा कारखाना 'प्रभाकर' कंदिलामुळे घरोघरी पोहोचला. घरबांधणीत मात्र काचेचा वापर दीर्घकाळ तावदानांपुरता मर्यादित होता.

कोकणातील कौलारू घरात काचेचा एक निराळा उपयोग रूढ होता. माजघर घराच्या मध्यभागी असल्याने तेथे अंधार असे. छपरातील एखाद-दुसऱ्या मातीच्या कौलाच्या जागी काचेचे कौल बसवून तेथे उजेड आणला जाई. वारा खिडक्यांच्या गजांतून व कौलांच्या फटींतून येई; पाऊस वळचणीने बाहेरच राही; बाहेरचे जग पाहण्यासाठी ओटी व पडवी असे. म्हणजे उजेड, वारा, आडोसा व दर्शन या चार गरजांसाठी चार वेगवेगळे घटक होते. आधुनिक काचघरात ही चारही कामे एकाच काचेवर सोपविली जातात आणि बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

मानपाडा परिसर: स्थळ व हवामान

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या सुपरिचित आहेत. त्यांपैकी एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगरपायथ्याशी आहे. दुसरी डोंबिवली पूर्वेस कल्याण–शीळ रस्त्यावर आहे. नाव एकच असले तरी काचघराच्या दृष्टीने या दोन स्थळांच्या समस्या भिन्न आहेत.

ठाण्याच्या मानपाड्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तर पूर्वेस उल्हास नदीच्या खाडीचा सखल भाग आहे. अर्थात हिरवे दृश्य पश्चिमेला आहे. दुपारनंतरचे तीव्र ऊनही पश्चिमेकडूनच येते आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाचा माराही पश्चिम व नैर्ऋत्य दिशांनीच होतो. जिकडे पाहावेसे वाटते तिकडूनच घराचे रक्षण करावे लागते, हा येथील मूळ पेच होय. डोंगरामुळे सूर्य क्षितिजाआड जाण्यापूर्वीच दिसेनासा होतो, एवढाच काय तो दिलासा.

डोंबिवलीच्या मानपाड्याजवळ औद्योगिक वसाहत आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन जीवितहानी झाली व दूरवरच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्यामुळे येथे काचेचा विचार करताना दृश्यापेक्षा सुरक्षिततेस अग्रक्रम द्यावा लागतो.

ऊर्जाविषयक संहितांमध्ये हा प्रदेश उष्ण-दमट हवामान विभागात मोडतो. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे अंगावरून वाहणारा वारा हाच सुखाचा मुख्य आधार असतो.

रचनेची तत्त्वे

दिशा व सावली

ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन काळांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेस असतो. डिसेंबरमध्ये मध्यान्ही त्याची उंची सुमारे ४७ अंश, तर मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी सुमारे ७१ अंश असते.

यावरून छज्जाची सावली मोजता येते. दक्षिणेकडील काचेवर १.२ मीटर रुंदीचा छज्जा असल्यास विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली सुमारे ३.४ मीटर खालपर्यंत, म्हणजे पूर्ण मजल्यावर पडते. डिसेंबरमध्ये ती सुमारे १.३ मीटर पडते व हिवाळ्यातील कोवळे ऊन आत येऊ शकते. दक्षिणेची काच अशा रीतीने सहज सांभाळता येते. उत्तरेचा उजेड वर्षाचा बहुतेक काळ सौम्य असल्याने तेथेही मोठी काच चालते.

पश्चिमेस हे गणित फसते. विषुवदिनी सायंकाळी पावणेपाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून केवळ २८ अंशांवर असतो. तेव्हा १.२ मीटरच्या छज्जाची सावली जेमतेम ६५ सेंटिमीटर पडते. त्याजागी ३ मीटर रुंद पडवी ठेवल्यास ती १.६ मीटरपर्यंत पोहोचते. उरलेल्या उंचीसाठी बांबूच्या चिका, उभ्या पट्ट्या किंवा झाडे यांचा आधार घ्यावा लागतो.

झाडांची निवड

युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत घराच्या उन्हाच्या बाजूस पानझडी झाडे लावण्याचा सल्ला आढळतो. तेथे पाने हिवाळ्यात गळतात आणि हवेहवेसे ऊन घरात येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी परिस्थिती उलट आहे. साग, पळस, सावर यांसारखे वृक्ष ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, निष्पर्ण असतात. म्हणजे सावलीची सर्वाधिक गरज असतानाच ती मिळत नाही. म्हणून पश्चिमेच्या काचेपुढे आंबा, जांभूळ, फणस, बकुळ यांसारखी सदाहरित झाडे किंवा एप्रिलमध्ये नवी पालवी धरणारा करंज अधिक उपयोगी ठरतो. झाड व काच यांत पुरेसे अंतर ठेवणे आवश्यक असते, अन्यथा वादळी वाऱ्यात फांद्या काचेवर आदळतात.

काचेची निवड

काचेची पारख प्रामुख्याने दोन मापांनी होते. सौर उष्णता-लाभ गुणांक म्हणजे काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी आत येणारा अंश. यू-मूल्य म्हणजे आतील व बाहेरील तापमानांतील फरकामुळे काचेतून होणारे उष्णतेचे वहन. ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या पारदर्शक काचेचा उष्णता-लाभ गुणांक सुमारे ०.८ असतो.

या आकड्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडत असलेली १० चौरस मीटरची पश्चिमाभिमुख काच घेतली, तर ०.८ गुणांकाच्या काचेतून सुमारे ४,००० वॉट उष्णता घरात येते. एक टन वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर टाकते. अर्थात एक टनाहून मोठे यंत्र केवळ या एका काचेसाठी लागेल. ०.२५ गुणांकाची लेपित काच बसविल्यास हाच आकडा १,२५० वॉटवर येतो. काचेबाहेर दाट सावली असल्यास ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. यास्तव महाग काचेपूर्वी सावलीचा विचार करावा, असे वास्तुशास्त्राचे अभ्यासक सांगतात.

आतून लावलेले पडदे याबाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत. काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडून उष्णतेत रूपांतरित होते. तापलेल्या पडद्याकडून निघणाऱ्या दीर्घ तरंगलांबीच्या प्रारणास काच अडविते, त्यामुळे ती उष्णता बव्हंशी खोलीतच राहते. हरितगृह मात्र मुख्यतः आतील गरम हवा बाहेर जाऊ न शकल्याने तापते.

वायुवीजन

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इको-निवास संहिते'च्या पहिल्या भागात उष्ण-दमट विभागातील घरांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे असे म्हटले आहे. १०० चौरस मीटरच्या घरात हे सुमारे १६.७ चौरस मीटर होते. येथे महत्त्व काचेच्या एकूण क्षेत्रास नसून उघडणाऱ्या भागास आहे. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, तर बिजागरीवरील खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते.

वारा वाहण्यासाठी समोरासमोर दोन वाटा लागतात. गरम हवा वर चढत असल्याने छताजवळ झरोके ठेवल्यास ती बाहेर पडते. डासांसाठी जाळी अपरिहार्य असते. जाळीमुळे वाऱ्याचा वेग मंदावतो, हे लक्षात घेऊन उघडणारा भाग किमान प्रमाणाहून मोठा ठेवणे हिताचे ठरते.

पाऊस

सपाट दर्शनी काच थेट पावसास सामोरी ठेवल्यास वाऱ्याच्या दाबाने पाणी चौकटीच्या सांध्यांतून आत शिरते. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पन्हळीत पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात व ती कचऱ्याने बुजू नयेत याची काळजी घ्यावी लागते. सांध्यांतील सिलिकॉन कालांतराने सुटते. दमट हवेत चौकटीवर शेवाळ व बुरशी धरते. उंच जोते, बाहेर आलेली वळचण व काच आत सरकवून बसविणे हे जुने उपायच येथे सर्वाधिक प्रभावी ठरतात.

सुरक्षितता

साधी काच फुटल्यावर तिचे धारदार मोठे तुकडे होतात. टफन्ड काच तापवून एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या अनेक पट बळकट असून फुटल्यास तिचे बोथट लहान तुकडे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन थरांमध्ये पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे फुटलेले तुकडे जागीच चिकटून राहतात. छतावर, कठड्यास किंवा डोक्याच्या वर बसवायची काच लॅमिनेटेड असणे आवश्यक मानले जाते. स्फोटाचा धोका असलेल्या औद्योगिक परिसरातही हीच काच श्रेयस्कर ठरते. इमारतींतील काचेच्या वापरासाठी भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. १६२३१ ही मानके आहेत. काचेचे वजनही विचारात घ्यावे लागते. ६ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन १५ किलो भरते.

पक्षी व वन्यजीव

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहून अधिक असून त्यात पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद आहे. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१६ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. अशा ठिकाणी काचघर बांधताना माणसाच्या सुखाबरोबर इतर जिवांचाही विचार करावा लागतो.

पक्ष्यांना काच ओळखता येत नाही. काचेत झाडाचे प्रतिबिंब दिसले की ते त्यास झाड समजून वेगाने तिच्याकडे झेपावतात. घराच्या दोन्ही बाजूंस काच असल्यास पलीकडील झाडी दिसते व मधील जागा मोकळी वाटते. अमेरिकेत इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. याच अभ्यासानुसार लहान घरांचा वाटाही त्यात मोठा आहे.

काचेच्या बाहेरील पृष्ठभागावर सुमारे ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके अथवा रेषा उमटविल्यास पक्ष्यांना अडथळा जाणवतो. एखादेच बहिरी ससाण्याचे चित्र चिकटविणे पुरेसे ठरत नाही, कारण पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेकडे वळतो. बाहेरून लावलेली जाळी व चिका यांचाही चांगला उपयोग होतो. सावलीसाठी केलेली योजना अशा प्रकारे पक्ष्यांच्याही उपयोगी पडते.

रात्री दिवा लागल्यावर काचघर कंदिलासारखे उजळते. त्या प्रकाशाकडे पतंग व इतर कीटक ओढले जातात, त्यांच्या मागून पाली व वटवाघळे येतात आणि निशाचर प्राण्यांच्या नित्यक्रमात व्यत्यय येतो. जंगलाच्या बाजूचे दिवे मंद, पिवळसर व खाली वळविलेले ठेवणे आणि रात्री चिका सोडणे हे उपाय सुचविले जातात.

महाराष्ट्रातील संबंधित वास्तू

महाराष्ट्रातील दोन वास्तूंमध्ये वरील पेचाची भिन्न उत्तरे सापडतात. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली मुंबईतील कांचनजंगा ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचे दृश्य व वारा पश्चिमेस, तर बंदराचा देखावा पूर्वेस असतो. परंतु ऊन व पाऊस यांचाही जोर याच दिशांनी असतो. कोरिया यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना घेऊन घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागवजा गच्च्या ठेवल्या. राहण्याच्या खोल्या त्यामुळे ऊन-पावसापासून आत सरकल्या आणि दृश्य व वारा कायम राहिला. मानपाड्याचा पेच याच जातीचा आहे.

अलिबागजवळील नांदगाव येथे बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबई या संस्थेने रचलेले पामायरा हाउस २००७ मध्ये पूर्ण झाले. माडांच्या वाडीतील या घराच्या दर्शनी भिंती ताडाच्या लाकडाच्या तिरप्या पट्ट्यांच्या आहेत. त्यांतून वारा व गाळीव उजेड आत येतो. हे घर काचघर नाही. मात्र निसर्गाशी जवळीक साधण्यास पारदर्शकता हा एकच मार्ग नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचा समावेश होता.

सदनिकांमधील उपयोजन

घोडबंदर रस्ता व कल्याण–शीळ रस्ता या दोन्ही परिसरांत आज बहुसंख्य लोक उंच इमारतींतील सदनिकांत राहतात. तेथे काचघराचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. खोली वाढावी व पाऊस आत येऊ नये म्हणून सज्जा सरकत्या काचांनी बंद करण्याची प्रथा आहे. वास्तविक उघडा सज्जा ही सदनिकेची पडवीच असते व मागील खोलीस तीच सावली देते. तो बंद केल्यावर ऊन थेट खोलीच्या तोंडाशी येते, उघडणारा भाग निम्म्यावर येतो आणि वातानुकूलनाचा वापर वाढतो. शिवाय असे बदल महानगरपालिकेच्या परवानगीविना केल्यास ते नियमबाह्य ठरतात.

सज्जा उघडा ठेवून त्याच्या आतील बाजूस पूर्ण उंचीचे काचेचे दार बसविणे, कठड्यावर कुंड्यांतील वेली चढविणे व पावसाळ्यापुरत्या गुंडाळता येणाऱ्या चिका लावणे, हा कमी खर्चाचा पर्याय आहे. त्यात दृश्य, वारा व सावली ही तिन्ही टिकून राहतात.

मर्यादा व टीका

काचघरावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला खाजगीपणाचा. शेजारी दुसरी इमारत उभी राहिली की दिवसाही पडदे ओढावे लागतात व काचेचा हेतूच नाहीसा होतो. दुसरा खर्चाचा. काच, चौकट व वातानुकूलन यांच्या खर्चात वारंवार करावी लागणारी स्वच्छता व दुरुस्ती यांची भर पडते. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्या निसर्गाच्या दर्शनासाठी घर बांधावयाचे, त्याच्याच काठावर बांधकाम, उजेड व उष्णता वाढवून त्यास बाधा पोहोचविली जाते, असे टीकाकार म्हणतात.

पुरस्कर्त्यांच्या मते हे दोष काचेचे नसून तिच्या अविचारी वापराचे आहेत. पश्चिमेस रुंद पडवी, तिच्या आत पूर्ण उघडणारी काच, पुढे सदाहरित झाडे, काचेवर पक्ष्यांसाठी खुणा आणि रात्री मंद दिवे अशी योजना केल्यास मानपाड्यातील घरातूनही डोंगर दिसतो आणि डोंगराकडील जीवही सुरक्षित राहतात. अशा घरात काचेचे क्षेत्र छायाचित्रांत दिसणाऱ्या काचघरांपेक्षा पुष्कळ कमी असते. पण पावसाचा आवाज व मातीचा वास आत येण्यास अडसर उरत नाही.